लिफ्टवाल्याने दिलेलं उत्तर

— ती नको, ती ओढा, उंच खुर्ची. मी इथेच बरा, या बुटक्या स्टुलावर, मला उद्या सकाळपर्यंत खालीच बसायचंय. दम खा आधी. चार जिने चढून आलात, आणि आलात कुणाकडे, तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे — हसा हो, हसलात तरी चालेल, परवा मलाही हसू आलं होतं. चाळीस वर्षं जगाच्या लिफ्टा चालत्या ठेवल्या आणि आमच्या इमारतीची बंद पडली ती नेमकी या सात दिवसांत, पान्याला हात लावायची मला मनाई असताना. खालची बाई रोज जिन्यातून ओरडून विचारते, कधी करताय म्हणून. तिला काय सांगू, भाऊ वारलाय आणि आम्हा ज्यूंच्या शास्त्रात सुतकात काम बसत नाही? म्हटलं, उद्यानंतर बघतो.

तर तुम्ही 'नकाशा'. नऊ वर्षं फोनवरच्या धर्मप्रश्नांच्या गटावर टोपणनावांनी रोज भांडतोय आपण, आणि माझ्या मनात तुम्ही कसे, तर काडीसारखे, लांब दाढीचे, खोकणारे. निघालात गोलमटोल, सफाचट, भूगोलाचे मास्तर. दारातून आलात आणि मी तोंड उघडेपर्यंत गप्प उभे राहिलात ना, तेव्हाच म्हटलं हा आपल्यातला, याला नियम माहीत आहे. नाहीतर नातेवाईक — उंबऱ्यातूनच सुरू, कसं झालं, केव्हा झालं, शेवटी काही बोलला का. सांत्वनाला येणाऱ्याने आधी बोलायचं नसतं, ज्याचं माणूस गेलंय त्याने सुरुवात करायची, हे आता कुणाला ठाऊक आहे? मी सुरुवात केली, म्हणजे तुम्हाला मोकळीक झाली, कबूल — पण थोडं थांबा. तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. माझ्या पुतण्याकडून येताय. हो ना? — झालं तर मग.

काय म्हणाला तो? मीच सांगतो, मला त्याने परवा लिहून पाठवलंय. काका, बाबांनी खोटं नाव घेऊन विचारलं, तुम्हाला कसं कळणार, आमच्या मनात काही नाही. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे की तुम्हाला माहीत नव्हतं. मग उद्या सकाळी घरी या, सातव्या दिवशी सुतकातून आपण सगळे बरोबर उठू. बघा, अकरा वर्षांनी त्या घराचं दार उघडतंय, आणि मागतोय काय पोरगा, तर एक वाक्य. मला माहीत नव्हतं. तीन शब्द. दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. मी! गटावर कुणी प्रश्न टाकला की ज्याचं उत्तर चहा निवायच्या आत पडायचं, तो मी.

अकरा वर्षं का, ते सांगितलं का त्याने? नसेल सांगितलं, भला आहे तो. त्याचंच लग्न. मुलगी आपल्या धर्मातली नव्हती. मी गेलो नाही. नुसता गेलो नाही असं नाही, धाकट्याच्या दारात उभा राहून त्याला शास्त्र वाचून दाखवलं, कागदावर उतरवून नेलं होतं, अमुक ग्रंथ, अमुक कलम. तो म्हणाला, दादा, एक तास येऊन बस, जेवू नकोस हवं तर. मी म्हटलं, शास्त्र काही माझ्या घरचं नाही. त्यानंतर बंदच झालं. तो बुकबाइंडर, मी लिफ्टवाला, दोघांच्या दुकानांत तीन रस्त्यांचं अंतर, आणि समोरासमोर आलो की एकाने फूटपाथ बदलायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा तर सुंभही जळत नव्हता. आज त्याच मुलीने माझ्या भावाच्या घरी आल्यागेल्याला पाणी दिलं असेल. तुम्हालाही दिलं असेल — दिलं ना? वाटलंच मला.

बरं, गटाचं बोलू. आता सात दिवस मला त्यावर यायचं नाही, धर्माचं काही वाचायचंच नाही, कारण त्या वाचण्याने माणसाला आनंद होतो असं शास्त्र म्हणतं. आनंद तर होताच हो, खोटं कशाला बोलू? आमच्या प्रार्थनाघराचे गुरू, रब्बी, गावातून गेले मुलीकडे राहायला, त्याला सहा वर्षं झाली, दुसरे कुणी आले नाहीत. लोक विचारणार कुणाला? दुधाच्या भांड्यात चुकून मांस शिजलं, शब्बाथला, शनिवारी काम बंद असताना, फ्रीजमधला दिवा लागला, सगळं गटावर. आणि माझं नाव कशावरून झालं, आठवतं? लिफ्टवरून. शब्बाथला बटण न दाबता मजल्यामजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट चालते का — मोठमोठे ग्रंथ काढून बसले होते सगळे, तुम्हीसुद्धा. मी म्हटलं, बाबांनो, वर जाताना एक गोष्ट, खाली येताना वेगळी, खाली येताना तुमच्या वजनाने मोटर फिरते, म्हणजे ते काम तुम्हीच केलं. सगळ्यांनी ग्रंथ मिटले. अहो, पहिल्यांदा आयुष्यात तेलकट हाताच्या माणसाला कुणी म्हणालं, गुरुजी, जरा समजावून सांगा. तिथेच बिघडलं. लिफ्टचं कळतं म्हणून मला लग्नातलं कळायला लागलं, मयतातलं कळायला लागलं, उंटावरचा शहाणा झालो. आणि शेवटी आपली ती ओळ असायचीच, हे फक्त माहितीसाठी, आपल्या रब्बीला विचारा. कुठला रब्बी?

मग तो प्रश्न आला. मोठ्या उपासाच्या आधी चार दिवस. नाव काय, तर 'पुठ्ठा'. पंचवीस तासांचा उपास आहे, औषधं चालू आहेत, डॉक्टर म्हणतात पाणी सोडू नका, काय करावं? एवढंच. आणि तुम्ही काय लिहिलंत — मला पाठ आहे, या सहा दिवसांत दुसरं काही वाचलं नसलं तरी ते मनात वाचलंय — तुम्ही लिहिलंत, आजार कोणता? आणि डॉक्टर सांगत असतील तर प्या, एका गालात मावेल त्याहून कमी, मधे मधे थांबून, जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं. संपलं होतं तिथे. बरोबर उत्तर होतं ते. शाळेतल्या पोरालाही माहीत असलेलं. मलाही माहीत होतं, माहीत नव्हतं असं समजू नका.

आणि मी काय केलं? तुमच्यावर घसरलो. चौदा ओळी. डॉक्टर काय, सर्दीलाही पाणी प्या सांगतात. हल्ली अशक्तपणाला आजार म्हणायची फॅशन आहे. आपल्या बापजाद्यांनी तापात उपास केले. सवलत शोधत येणाऱ्याला सवलत देणारे भेटतातच — हा टोला तुम्हाला होता. छान जमल्या होत्या ओळी. त्रेचाळीस जणांनी अंगठे दिले. तुम्ही पुन्हा लिहिलंत, लिफ्टवाले, आधी त्या माणसाला आजार तर विचारा. मी नाही विचारला. तुम्हाला वाटलं असेल, हरलो. नाही हो मास्तर, तुम्ही हरला नव्हतात.

धाकट्याची एकच किडनी उरली होती. दोन वर्षांपासून. मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार कोण, फूटपाथ बदलणाऱ्याला? उपासाच्या दिवशी चारनंतर तो प्रार्थनाघरात बाकावरच कलंडला. मी पुढच्या रांगेत होतो. गलका झाला, कुणालातरी उचलून नेलं, मी मागे वळून पाहिलं नाही, माझी प्रार्थना चालू होती. मग पाच आठवडे हॉस्पिटल. ते हॉस्पिटल माझ्या ओळखीचं, त्यांची मागची लिफ्ट मीच बसवलेली, स्ट्रेचरची, लांबट. तीनदा गेलो. तीनदा त्या लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेलो, दार उघडलं, समोर लांब व्हरांडा, त्याच्या खोलीचं दार दिसायचं, बाहेर पुतण्या बसलेला. दार उघडं राहतं नऊ सेकंद, मीच लावून दिलेत, आजारी माणसाला वेळ मिळावा म्हणून. नऊ सेकंद मी आत उभा राहायचो. मग दार मिटायचं. तिसऱ्या वेळी तर मी बटण दाबून मिटवलं.

दफनाच्या दिवशी भिंतीपाशी उभा होतो, तर भावजय आली जवळ. वाटलं, आता थोबाडीत मारते — मारायला हवी होती. तिने सांगितलं. म्हणाली, त्यांना ठाऊक होतं लिफ्टवाला म्हणजे तुम्ही. मी ग्लास भरून समोर ठेवला होता, डॉक्टरांनी शपथ घातली होती. तर म्हणाले, "मी विचारलंय. दादा पी म्हणाला तर पितो."

ऐकलंत ना? त्याला सवलत नको होती मास्तर. डॉक्टरने दिली होती, तुम्ही दिली होती, बायकोने ग्लास भरून दिली होती. त्याला माझ्याकडून हवी होती. एकदा दादाने म्हणावं, पी. बस. तो काय शास्त्र विचारत होता? तो माझ्याशी बोलत होता. अकरा वर्षांनी. आणि भावजय वर मलाच समजावते, तुम्हाला कुठे माहीत होतं, मनाला लावून घेऊ नका. सगळं गावच मला समजावतंय. गटावरही तेच लिहिलं असणार तुम्ही लोकांनी, लिफ्टवाल्याला काय माहीत. तुम्ही दोनशे मैल बसने हेच सांगायला आलात, पुतण्यानेही याच आशेने पाठवलंय तुम्हाला, की मास्तर म्हाताऱ्याच्या तोंडून ते एक वाक्य घेऊन येतील आणि उद्या सगळे एकत्र बसतील. पाणी घ्या ना. मघापासून आणून ठेवलंय, घ्या.

मघाशी एवढंच म्हणालो, पण त्या प्रश्नाला दुसरी ओळ होती. आठवते? सगळे हसले होते त्यावर, तुम्हीही हसरा चेहरा टाकला होतात, चुकीचं काही नाही, हसण्यासारखंच होतं. लोखंडी कठड्याला जीभ लावली तर उपास मोडतो का? हेच होतं ना? — हो. आम्ही लहान असताना, तेरा वर्षांच्या आत उपासाची सक्ती नसते, पण धाकट्याला माझ्याबरोबर करायचाच असायचा. मी करतो म्हणून. सहा वर्षांचं पोर. दुपारपर्यंत तोंड सुकायचं त्याचं. मग आम्ही दोघं जिन्यात जायचो, जिन्याचा कठडा लोखंडी, थंडगार, आणि मी त्याला सांगितलं होतं, याला जीभ लाव, तहान जाते, आणि हे पिणं नाही, उपास मोडत नाही. माझं पहिलं धर्माचं उत्तर ते. नऊ वर्षांचा होतो. सगळा जिना चाटत चाटत खाली यायचा तो, तोंडाला गंज लावून. हे जगात दोन माणसांना माहीत होतं. आईलासुद्धा नाही.

म्हणजे काय झालं, कळलं ना तुम्हाला?

ती ओळ वाचली आणि मी लिहायचा थांबलो. पुठ्ठा. बुकबाइंडर. त्याने ओळख लपवली नव्हती हो, पाटी लावली होती. मला समजलं. बरोबर समजलं, तिथल्या तिथे समजलं, तुमचं उत्तर यायच्या आधी. आणि माझ्या मनात काय आलं — सांगून टाकतो, सुरुवात केलीच आहे — मनात आलं, आला का शेवटी. लग्नात शास्त्र नको होतं, आता हवंय. हवंय तर घरी ये, दार वाजव, खरं नाव घेऊन विचार, दादा चुकलो म्हण, मग सांगतो प्यायचं का नाही. म्हणून चौदा ओळी. तुमच्यासाठी नव्हत्याच त्या. आणि कठड्याबद्दल मी खाली लिहिलं, पोरकट प्रश्न इथे विचारू नयेत.

चार दिवस वाट पाहिली. मला वाटलं येईल. खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती, तुम्ही बसलात तीच. नाही आला.

आता तुम्ही मान खाली घालून बसलात. घाला. उद्या गेलो तर ते वाक्य म्हणावं लागेल, आणि खरं सांगितलं तर ते घर दुसऱ्यांदा मोडेल, पोराचा बाप आजारपणाने गेलाय तो काकाच्या हातून गेला असं होईल. घरात शांतता राहावी म्हणून शब्द फिरवलेला चालतो, शास्त्रात आहे, आपणच त्यावर दोन महिने भांडलो होतो. तेव्हा मी म्हणालो होतो, चालतो. पण शांतता कुणाची, त्यांची की माझी, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मी आजवर गटावर एकही प्रश्न विचारलेला नाही, तपासून बघा, नऊ वर्षांत एकही नाही. हा पहिला. तुम्हाला विचारतो, नकाशा —

नाही. नका. बोलू नका काही. तुम्ही चांगलं उत्तर द्याल, मला माहीत आहे, तुम्ही आधी चार गोष्टी विचाराल आणि मग मऊ करून सांगाल, आणि मी ते घेऊन उद्या तिकडे जाईन. त्याला मिळालं नाही ते मी घेणार नाही. पुतण्याला सांगा, काका झोपले होते. काहीही सांगा.

ही बघा, मी मान हलवली. ज्याचं माणूस गेलंय त्याने मान हलवली की आलेल्याने उठायचं, मग एक क्षणही बसायचं नाही, माहीत आहे ना तुम्हाला? उठा मास्तर. आणि निघताना दारात म्हणायचं ते सांत्वनाचं वाक्य असतं, ते म्हणू नका. नुसते जा.