तोंड झाकून विचारलेला प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष सुधीर कर्णिक साहेब, मुख्याध्यापिका अदिती मॅडम, व्यासपीठावरचे पाहुणे, सगळे शिक्षक, पालक मंडळी आणि दहावी पास झालेल्या माझ्या लेकरांनो, आधी माफी मागतो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो नाही. पुन्हा पुकारलं तरी बसूनच होतो. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा कळलं. आभार मानायला तर त्याहून मोठा उशीर केलाय. पोर पहिलीत होती तेव्हाच मानायला हवे होते.

मी महादू भोईर, कोन गावचा. उन्नतीचा आजा. खरं तर तिचा बाप, माझा मनोज बोलणार होता. काल्हेरच्या गोदामात ऐनवेळी त्याची ड्युटी बदलली. मी चौथी शिकलेला. चुकलो तर हसा खुशाल, मला ऐकू येणार नाही. आवाज फार मोठा होतोय का, साहेब? मला कळत नाही, हाताने सांगा.

आमच्या घराच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमची शेड. लूम चालू असले की घरातही बोललेलं ऐकू येत नाही. ओठ बघायचे, हात बघायचे आणि समजून घ्यायचं. चहा हवा तर मूठ ओठाशी न्यायची. शेडमधला कारागीर बिहारचा, शेडची मालकीण आगरी. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, पण भांडण व्यवस्थित व्हायचं. अशा घरात उन्नती वाढली. हाक मारली तर वळायची नाही, खांद्याला हात लावला की वळायची. आम्हाला त्यात वावगं काय वाटणार? आम्ही सगळेच तसे. तुम्हीच सांगा, पाण्यात उभ्या असलेल्या माणसांना आपल्यातलं कोण भिजलंय ते कसं कळावं?

कळलं ते पहिलीच्या सरोजिनीबाईंना. त्या फळ्याकडे वळून बोलू लागल्या की पोरीची पेन्सिल थांबायची. वर्गाकडे तोंड केलं की चालू. त्यांनी आम्हाला बोलावलं. माझी मंडळी सीताबाई सोबत होती. बाई म्हणाल्या, "आजी, उन्नतीचे कान एकदा तपासून घ्या."

सीताबाई भडकली. "माझी नात बहिरी न्हाय, बाई. तुमचाच आवाज बारीक हाय. घरी जेवत न्हाय का तुम्ही?"

बाई हसल्या. त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि विचारलं. काय विचारलं ते मलाही समजलं नाही. पोर नुसती बघत राहिली. मग पदर खाली केला आणि तेच विचारलं, "उन्नती, वेणी कोणी घातली?"

पोर म्हणाली, "आजीनं."

सीताबाई वर्गातच फरशीवर खाली बसली.

पुढे कानाला यंत्र लागलं. पण यंत्राने सगळं भागत नाही. या शाळेत दरवर्षी नवा वर्ग, नवे शिक्षक, आणि प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलेलं असायचं की उन्नतीशी बोलताना तोंड तिच्याकडे ठेवा. गणिताच्या आल्हाद सरांची मिशी ओठावर यायची. तिला शब्द दिसेनात, तर सरांनी मिशी कातरली. कोण करतं असं परक्याच्या पोरीसाठी? वर्गातल्या मुली आमच्या लूमच्या खुणा शिकल्या. परीक्षेतही त्या चालल्या असं म्हणतात. मॅडम, हे ऐकलं नाही असं समजा.

सीताबाई आज हवी होती. परीक्षेच्या आधी गेली. शेवटी तिचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलायचे. मी पुष्कळ पाहिलं, पण डोळ्यांत पाणी, मला काही वाचता येईना. उन्नती तिच्या तोंडासमोर बसली आणि आम्हाला सांगू लागली. पाणी मागतेय. पाय दाबायला सांगतेय. मग म्हणाली, "आजी म्हणतेय, उन्नतीला पुण्याला शिकायला जाऊ द्या."

मी तोवर पुण्याला नको म्हणत होतो. आजी खरंच तसं म्हणाली, की पोरीने आपलं मन तिच्या तोंडी घातलं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

सोमवारी ती जाते. सामान बांधून झालंय. माझा जीव थाऱ्यावर नाही. एवढ्या मोठ्या कॉलेजात तिच्याकडे तोंड करून कोण बोलेल? मागून गाडी आली तर? आल्हाद सर म्हणाले, "आजोबा, ती स्वतः सांगेल सगळ्यांना." सांगेल, सर. पण इथे तिला कधी सांगावं लागलं नाही, याचेच मी आज आभार मानतोय. सरोजिनीबाई, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलात. सीताबाईचा आणि माझा, दोघांचा नमस्कार घ्या.

बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, मोठ्यांपुढे जास्त बोललो असेन, तर म्हाताऱ्याची चूक पदरात घ्या.

उन्नती, तू समोर बसलीस म्हणून तुलाच सांगतो. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुलाही नाही. पोचलीस की बापाच्या मोबाइलवर व्हिडिओ लाव. खिडकीपाशी बस, तोंडावर उजेड राहू दे. मग हळू बोललीस तरी चालेल. पण लवकर कळव गं बाय, मी मोबाइल हातात धरून बसणार हाय.