मानेमागचं पाणी

(काचेपलीकडच्या खोलीत एमआरआय मशीनमध्ये दादा आडवे; एरवी हे मशीन तेच चालवतात. काचेच्या अलीकडे पडद्यासमोर घाईबाई, तिच्याशेजारी सफाईच्या मावशी. दादांचं बोलणं इकडे सतत ऐकू येतं. इकडचं बोलणं आत जायला मात्र घाईबाईला बटण दाबून धरावं लागतं.)

दादा: परत? अगं, सकाळपासून तिसऱ्यांदा झोपवतेस मला. एवढा आराम घरीसुद्धा मिळत नाही.

घाईबाई: हे शेवटचं, दादा. मान जरा डावीकडे. हां, बस.

दादा: अडलंय काय ते तरी सांग. मावशींचं चित्र बिघडलं तर मावशींना घाल ना आत. माझ्यावर कसला राग?

घाईबाई: नमुन्याला आणखी एक धडधाकट माणूस हवा म्हणून मावशींना घातलं, तेही दोनदा. दोन्ही वेळा तेच आलं. मानेत पुढूनही पाणी वाहतंय आणि मागूनही.

मावशी: अगं बाई, माझ्या मानेत पाणी झालंय?

घाईबाई: झालं नाही मावशी, ते सगळ्यांनाच असतं. मेंदूभोवती, कण्याच्या आत. हृदयाचा ठोका पडला की खाली सरकतं, मग परत वर येतं. आपण इथे तेच मोजतो.

दादा: पूर्वी बारा मिनिटं लागायची, मावशी. आमच्या घाईबाईने ते दीड मिनिटावर आणलं. उगाच नाही मी तिला घाईबाई म्हणत! दोन वर्षं घातलीत पोरीने. उद्या मोठे डॉक्टर बघायला येणार, की परवापासून सगळ्या पेशंटना हेच.

घाईबाई: म्हणून तर. उद्याच्या आत मला कळायला हवं, कुणाचं चित्र खरं ते.

दादा: कुणाचं म्हणजे? माझं! या खोलीत 'नॉर्मल' असं कुणी लिहितं तरी का? 'दादासारखं' असं लिहिता तुम्ही. मावशींच्या मानेमागे दिसतोय तो मशीनचा कचरा, खरं पाणी नाही. वीस वर्षं हेच काम करतोय मी. माणूस उताणा झोपला की मागची जागा दबते, तिथे काही वाहत नाही.

घाईबाई: हो. तुम्हीच सांगितलं होतं ते.

दादा: मग?

घाईबाई: मग काही नाही. या वेळी जुनी पद्धत लावते, बारा मिनिटांची. रबरी फुगा हातात आहे ना? काही वाटलं तर दाबा.

दादा: आता मलाच शिकव.

घाईबाई: सुरू करते.

मावशी: आपलं बोलणं जातंय का आत?

घाईबाई: नाही. बटण सोडलंय, आणि आत खडखडाट आहे.

मावशी: मग खरं काय ते सांगा, ताई. मला काही झालंय का? नातवाला कुणाच्या भरवशावर सोडायचं ते आधीच ठरवलेलं बरं.

घाईबाई: तुम्ही ठणठणीत आहात. सकाळी तुम्हालाही बारा मिनिटं ठेवलं होतं ना? त्यातसुद्धा मागून वाहतंय. आज पुस्तक काढून बघितलं, त्यातही तसंच दाखवलंय.

मावशी: मग चांगलंच झालं की. तुमचं तोंड का असं उतरलंय? ... दादांचं काही आहे का?

घाईबाई: दोन वर्षांपूर्वी सगळ्यात आधी त्यांनाच झोपवलं होतं. आधी जुन्या पद्धतीने, मग माझ्या. दोन्ही चित्रं तंतोतंत जुळली. आम्ही दोघांनी इथे अक्षरशः उड्या मारल्या. दोन्हीत मागे काहीच हलत नव्हतं. मी विचारलं, तर दादा म्हणाले, दबतं तिथे. मी गणितातली. माणसाची मान आतून कशी असते ते मी त्यांच्याकडूनच शिकले. मी त्यांना कशी खोटं पाडणार?

मावशी: डॉक्टरांना नाही दाखवलं?

घाईबाई: पेशंटची चित्रं डॉक्टर बघतात. दादा कुठे पेशंट होते? दोन चित्रं एकमेकांशी जुळतात का, एवढंच मी बघत बसले. आतला माणूस बरा आहे का, हे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

मावशी: एक सांगू का? रागावणार नसाल तर.

घाईबाई: सांगा.

मावशी: सकाळी त्यांनी चहाची किटली उचलली. दांडी तापलेली. मी फडकं शोधतेय, तोवर यांनी डाव्या हाताने तीन कप भरूनसुद्धा ठेवले. आता आत जाताना बघितलं तर दोन बोटांवर हे एवढाले फोड. म्हटलं, दुखत नाही का हो? तर म्हणे, आपली कातडी गेंड्याची.

घाईबाई: कळलंच नाही त्यांना?

मावशी: नाही ना. आणि शिंक आली की डोकं गच्च धरून बसतात, ते तर रोजचंच. मला वाटायचं, वय झालं... ताई, रडू नका. ते काचेतून बघतील.

घाईबाई: तिथून दिसत नाही त्यांना. वर बघताहेत ते. ... थांबा, संपलं.

दादा: झालं का? काय म्हणतंय माझं पाणी?

घाईबाई: पुढे आहे. मागे काही नाही.

दादा: बघ! म्हटलं नव्हतं? जुन्यातही तेच. काढ आता बाहेर, कंबर धरली माझी.

घाईबाई: दादा, शिंकल्यावर तुमचं डोकं दुखतं?

दादा: मावशी शेजारीच बसल्यात वाटतं. दुखतं थोडं. मागच्या बाजूला, दोन-तीन मिनिटं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

घाईबाई: किती दिवस?

दादा: दिवस कसले, चार-पाच वर्षं झाली. का गं?

घाईबाई: काही नाही. एक चित्र बाजूने घेते हं. चारच मिनिटं. अगदी शांत पडून राहायचं.

दादा: बाजूने कशाला? पाणी मोजायला तर आडवा काप लागतो.

घाईबाई: असंच. खात्री म्हणून.

दादा: ... घाईबाई.

घाईबाई: हं?

दादा: हा आवाज माझा आहे. 'अजून एक घेऊ हं, असंच, खात्री म्हणून.' पडद्यावर वाईट काही दिसलं की मी याच आवाजात बोलतो. वीस वर्षं बोलतोय. ... घे. छातीपर्यंत घे, नुसती मान नको.

घाईबाई: हो.

मावशी: त्यांना कळलं.

घाईबाई: हो.

मावशी: आलं चित्र. हा कणा ना? आणि मेंदूच्या खाली हे काय लोंबतंय? भोकात बूच बसवल्यासारखं.

घाईबाई: बूचच आहे. मेंदूचाच खालचा भाग कण्यात उतरलाय. मागची वाट त्यानेच बंद केलीय.

मावशी: आणि मधोमध हे पांढरं लांबडं?

घाईबाई: पाणी. मज्जारज्जूच्या आत पोकळी होऊन त्यात साठलंय.

मावशी: कुठपर्यंत आहे?

घाईबाई: संपतच नाहीये, मावशी. चित्र संपलं, ते नाही संपलं.

मावशी: बटण दाबा.

घाईबाई: काय सांगू मी त्यांना?

मावशी: दिसतंय ते सांगा. माणूस आत एकटा पडलाय, ताई. गप्प नका बसू.

घाईबाई: दादा...

दादा: पोकळी आहे?

घाईबाई: आहे.

दादा: कुठपर्यंत?

घाईबाई: छातीच्या खाली गेलीय. मी मणक्याच्या डॉक्टरांना फोन करते. ते येईपर्यंत मान हलवू नका. खोकू नका.

दादा: हात बधिर व्हायचा तेव्हा वाटायचं, अंगाखाली दाबला गेला असेल. ... भीती वाटतेय गं मला.

घाईबाई: मलापण, दादा. चूक माझी आहे. मला दिसत होतं. दोन वर्षं रोज दिसत होतं.

दादा: दबतं तिथे, असं सांगणारा कोण होता? मीच ना? मग रडू नकोस. तुझी पद्धत खरी ठरली, एवढं तरी... थांब. थांब जरा.

घाईबाई: काय होतंय? काढू बाहेर?

दादा: ती शिवणकाम करणारी. तुझ्या पद्धतीने तपासलेल्या पहिल्या अकरा जणांतली. सुई बोटात शिरली तरी कळत नाही, असं सांगत होती.

घाईबाई: मावशी किटलीचं बोलल्या तेव्हाच मला ती आठवली.

दादा: तिच्या मानेमागे पाणी वाहत होतं?

घाईबाई: नव्हतं. कागदावर मी 'दादासारखं' लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचून सही केली. दोन महिने झाले.

दादा: बाहेर रडत होती ती. मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, बाई, माझी मानही आतून अशीच आहे. मी आहे ना धडधाकट? घरी जा, निवांत झोप. ... जिन्यात पाय अडखळतो म्हणाली, तर मी हसलो. म्हटलं, चपला बदल.

मावशी: नंबर असेल ना कागदावर?

घाईबाई: आहे. पण आधी तुमच्यासाठी डॉक्टरांना...

दादा: डॉक्टरांना मावशी लावतील फोन, त्या फोनवरून. तू तिला लाव. आत्ता. आणि बटण दाबून धर, मला ऐकू येऊ दे.

घाईबाई: लावला. वाजतोय.

दादा: बोलायला लागली की फोन माइकजवळ धर. मी सांगतो.

घाईबाई: काय सांगाल?

दादा: की मी बरा नाही.

घाईबाई: ... वाजतोय अजून.

मावशी: डॉक्टरांचाही वाजतोय. रविवार आहे, ती बाहेर गेली असेल कुठे.

घाईबाई: बंद झाला. कुणी उचलला नाही, दादा.

दादा: परत लाव.