चांगल्या डोळ्यावरची पट्टी

(थळ. दुपार. घराच्या ओट्यावर मनुबाईने निवडायला घेतलेला सुका जवळा. सून क्रांती लेकीला, मृणालला, पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवून नुकतीच परतलेली. आत झोळीत मृणालचा दोन वर्षांचा भाऊ भावेश झोपलेला.)

क्रांती : डाव्या डोळ्यावर, आई? रोज?

मनुबाई : हळू बोल. भावेश आत्ताच झोपलाय. झोळी हलवून हलवून हात भरून आला माझा.

क्रांती : मी हळूच बोलतेय. रोज?

मनुबाई : आधी बस. पानी पी. पनवेलवरून एसटीनं धक्के खात आलीस, तोंड बघ कसा सुकलाय. बोयी साफ करून ठेवल्यात, कालवन टाकायचा तेवढा बाकी. मृणाल, बाय माझी, मम्मीला तांब्या आन.

मृणाल : मम्मीने मला उसाचा रस पाजला. मोठा ग्लास. स्वतः प्यायलीच नाही. आजी, तुझ्या कोपराला खवला लागलाय.

मनुबाई : काढ गो. सकाळपास्नं बोयीच साफ करतेय.

क्रांती : मृणाल, तू आत जा. भावेशजवळ बस.

मृणाल : मी काय केलं?

क्रांती : काही नाही केलंस, सोन्या. जा.

मनुबाई : बसूंदे तिला हितंच. तिच्याच डोळ्याचा बोलनार ना? मग तिच्या म्होरं बोल.

क्रांती : बरं. मग ऐका. ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले. मोतीबिंदू गेला, भिंग जागच्या जागी बसलंय, सूज नाही, लाली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळा एकदम सुरेख. मग त्याच डोळ्याने तिला चित्रांचा तक्ता वाचायला लावला. मागच्या खेपेला सगळ्यात वरचं मोठं घर ओळखलं होतंन्. आज पण तेवढंच. खाली एक ओळ सरकली नाही.

मनुबाई : सरकंल. पाच वर्साची पोर ती. घाई कसली?

क्रांती : त्यांनी मला विचारलं, पट्टी लावता ना रोज चार तास? मी छातीठोकपणे सांगितलं, लावतो. बाजारात मासळीची पाटी घेऊन निघायच्या आधी माझ्या हाताने लावते, दुपारी आले की माझ्या हाताने काढते, एक दिवस खाडा नाही. तर त्या म्हणाल्या, मग पट्टीचे वळ दोन्ही डोळ्यांभोवती कसे?

मनुबाई : ह्या जवळ्यात कचराच फार हाय ह्या खेपेला.

क्रांती : सुपात नका बघू, आई. माझ्याकडे बघा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी हिलाच विचारलं. सांग गं, काय सांगितलंस?

मृणाल : मी सांगितलं, मम्मी असली की ह्या डोळ्यावर आणि आजी असली की ह्या डोळ्यावर.

मनुबाई : बरोबर सांगितलास. खोटा कशाला बोलायचा?

मृणाल : तू बोललेलीस ना, मम्मीला नको सांगू? मी नाही सांगितलं. मी डॉक्टरला सांगितलं.

मनुबाई : शानी गो माझी बाय.

क्रांती : हसताय तुम्ही?

मनुबाई : हसत नाय गो. हसू येतो तो येतो. हे बघ, क्रांती, तू ऐक मग काय ते बोल. पहिल्या दिशी तू पट्टी लावून गेलीस. मी बघते त काय, चिरलेला डोळा उघडा नि चांगला डोळा बंद! मी कपालालाच हात लावला. म्हटला, बिचारी घाईत चुकली. पाटी भरायची, भावेशला भरवायचा, हिची वेनी घालायची, मानूस हाय, चुकनारच. म्हनून मी ती अलगद काढली नि दुखऱ्या डोळ्याला लावली. तू यायच्या टायमाला परत तुझ्यासारखी करून ठेवली.

क्रांती : पण का? मला सांगायचं ना!

मनुबाई : सांगायचा नि तुझा तोंड उतरलेला बघायचा? माझा विनेश बोटीवर, तू दवाखान्यात एकटी, एका मांडीवर ही नि एका हातात फाइल. कुठल्या तोंडानं मी तुना सांगू, का पोरीच्या डोळ्याची पट्टी उलटी लावतेस म्हनून? शेजारच्या बायांनी ऐकला असता त चार दिस तोच विषय चघळला असता. म्हटला, झाकली मूठ. आपन गुपचूप नीट करायचा, सुनेला कळायला नको.

क्रांती : माझी लाज राखायला!

मनुबाई : मग कोनाची?

क्रांती : एक दिवस ठीक आहे. दुसऱ्या दिवशी? दोन महिने मी रोज घाईत चुकते असं वाटलं तुम्हाला?

मनुबाई : नाय.

क्रांती : मग?

मनुबाई : चौथ्या-पाचव्या दिशी कळला मना, का तू मुद्दाम तसा करतेस. एक दिस मी ठेवली पन तशीच. म्हटला, सून बारावी शिकलेली हाय, तिच्या मनासारखा होऊंदे. तर ही ह्या ओट्यावरून उतरायला गेली, पायरी समजून भलतीकडंच पाय टाकला नि तोंडावर आपटली. ओठ फुटला.

क्रांती : तुम्ही म्हणालात, भावेशने डबा फेकून मारलान्.

मृणाल : भावेश तेव्हा झोपलेला.

मनुबाई : व्हय. झोपलेला. त्या पोराच्या नावावर मीच बिल फाडला. पन क्रांती, त्या दिसापास्नं माझा जीव झाला नाय. ही रडायची गो. आजी, काळोख झालाय. आजी, तू कुठं हायस, मना दिसत नायस. तू बाजारात, तुना काय ऐकू येनार? मना यायचा. मी हितं हिच्या म्होरं बसलेली, नि ही मना शोधतेय.

क्रांती : मला पण त्रास होतो, आई. मी काय दगड आहे?

मनुबाई : तसा नाय बोलत मी. पन तू सांग, पाय मोडला त त्याच पायावर पोराला चालवतो का आपन? हात भाजला त फडका भाजल्या हाताला गुंडाळतो, का दुसऱ्या? दुखरा असंल त्याला झाकायचा, त्याला आराम द्यायचा. माझ्या आयशीनं मना तेच शिकवला, मी विनेशला तेच केला. मना दुसरा काय येत नाय.

क्रांती : जखम असती तर बरोबर होतं तुमचं. जखम केव्हाच भरली. तो डोळा आता दुखरा नाही, आई. अडाणी आहे.

मनुबाई : अडानी?

क्रांती : जन्मल्यापासून त्याच्यावर पडदा. त्याने कधी काही नीट बघितलेलंच नाही. डॉक्टरांनी पडदा काढला, पण बघायचं कसं ते त्याला कुठे ठाऊक आहे? आणि उजवा डोळा आहे ना हुशार, तो सगळं आयतं आणून देतो. घर, भांडी, तुम्ही, मी, सगळं. मग डाव्याला विचारतो कोण? तो बसतो पेंगत. म्हणून उजव्याला झाकायचं. रोज चार तास त्याला गप्प बसवायचं. मग झक मारत डावा बघायला लागतो. धडपडतो, पडतो, पण शिकतो.

मनुबाई : म्हंजे तांडेल सुकानू सोडत नाय तवर नवा खलाशी शिकत नाय, तसा?

क्रांती : अगदी तसंच.

मनुबाई : आनि मी दोन महिने कोनाला बांधून ठेवला? खलाशाला?

क्रांती : हो.

मनुबाई : अरे देवा.

मृणाल : आजी, काय झालं?

मनुबाई : काय नाय बाय. तू जवळा निवड. क्रांती, तुझा सासरा विनेशला बोट शिकवायचा तवा काय करायचा, म्हाईत? सुकानू पोराच्या हातात द्यायचा नि आपन बोटीच्या पार पुढच्या टोकाला जाऊन पाठ करून बसायचा. विनेशनं दोनदा बोट रेतीत घातली. म्हाताऱ्यानं वळून बघितला नाय. मी घरी आल्यावर भांडायची, माझा पोर मारशील म्हनून. आज पंचक्रोशीत विनेशसारखा तांडेल नाय. एवढा सगळा घरात बघितला, नि माझ्या डोक्यात नाय आला.

क्रांती : मी पण तुम्हाला कुठे सांगितलं? डॉक्टरबाईंनी मला अर्धा तास कागदावर चित्र काढून समजावलं. मी तुम्हाला चप्पल घालता घालता सांगून गेले, पट्टी काढू नका म्हणून. तुम्हाला काय कळायचं त्यातून?

मनुबाई : ते सोड. एक विचारते, खरा सांग. माझा मन राखू नको. त्या डोळ्याचा वाटोळा झाला का माझ्या हातानं?

क्रांती : नाही.

मनुबाई : शपथ घे.

क्रांती : वाटोळं नाही झालं. वय लहान आहे, अजून शिकेल म्हणाल्या. पण दोन महिने वाया गेले ते गेले. आता चाराच्या जागी सहा तास. तीन महिन्यांनी परत तक्ता वाचायचा. तेव्हा पण ती वरच्या घरावरच अडकली, तर मग त्या डोळ्याची आशा धरू नका, असं स्पष्ट बोलल्या.

मनुबाई : तीन महिने.

क्रांती : मी ठरवलंय. उद्यापासून बाजार बंद. तीन महिने मी घरी बसते तिच्याजवळ.

मनुबाई : माझ्यावर भरवसा नाय म्हंजे.

क्रांती : काय सांगू?

मनुबाई : खरा तेच सांग.

क्रांती : आज नाही, आई. माया आहे तुमची, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण ती रडली की तुम्ही विरघळणार. मला तीच भीती आहे.

मनुबाई : खरा हाय तुझा. पट्टी कुठंय?

क्रांती : आत्ता?

मनुबाई : आत्ता. आज लावलीच नसंल ना? दवाखान्यात गेलता तुम्ही. दे हिकडं. मृणाल, ये बाय, आजीजवळ बस. चष्मा काढ बघू.

मृणाल : मांजरीच्या चित्राची पट्टी?

मनुबाई : मांजरीची. थांब, हलू नको. ह्या डोळ्याला.

मृणाल : आजी, चुकलीस! मम्मी नाही, तू आहेस. तुझा डोळा तो दुसरा.

मनुबाई : आजपास्नं आजीचा नि मम्मीचा डोळा एकच. आजी चुकत व्हती.

मृणाल : मोठी माणसं पण चुकतात?

मनुबाई : मोठीच जास्ती चुकतात. त्यांना कोन सांगत नाय ना. हा, झाला. घाल चष्मा.

मृणाल : नको, आजी. काळोख झाला. काढ ना.

क्रांती : आई, मी घेते तिला.

मनुबाई : तू जागची हलू नको. काळोख नाय बाय, धुका हाय. सकाळी खाडीवर असतो ना, तसा. धुक्यात पन बोटी येतात का नाय? तुझा बापूस येतो ना? बघ, मी पन पदरानं एक डोळा झाकला. आता दोघी सारख्या. ह्या जवळ्यात बारकी बारकी खेकडी असतात, ती काढायची. शोध.

मृणाल : सगळं गुलाबी गुलाबी दिसतंय.

मनुबाई : मग हातानं चाचप. कडक लागला का डोळ्याजवळ आन.

मृणाल : हे आहे का?

क्रांती : नाही गं, ते तर शिंप...

मनुबाई : तू कशाला सांगतेस? पाठ कर.

क्रांती : काय?

मनुबाई : पाठ कर म्हनते. तिकडं समुद्राकडं बघत बस. तू बघत असलीस का ती तुझ्याच तोंडाकडं बघनार.

क्रांती : ती ओट्याच्या कडेला बसलीय, आई.

मनुबाई : मी हाय ना. पडली त झेलीन, पन हात धरनार नाय. बस तू तिकडं.

क्रांती : बसले.

मृणाल : आजी, हे शिंपलं. ह्याला पाय नाहीत.

मनुबाई : मना काय म्हाईत? माझा एक डोळा झाकलेला.

मृणाल : नाहीतच पाय. हे टाकते. हे... हे पण टाकते. आजी, मला कंटाळा आला. काढ ना पट्टी. थोडीशीच.

मनुबाई : नाय.

मृणाल : मम्मीला नाही सांगणार मी. डॉक्टरला पण नाही.

मनुबाई : नाय गो, बाय माझी. तू मागशील ते देईन, सगळ्या बोयी तुना वाढीन, पन पट्टी नाय. रडायचा असंल त रड. आजी हितंच बसलीय.

मृणाल : तू दिसत नाहीस नीट.

मनुबाई : मग जवळ ये. अजून ये. बस मांडीवर. आता?

मृणाल : थोडी थोडी.

मनुबाई : थोडी त थोडी.

क्रांती : आई... मी उद्या बाजारात गेले तर चालेल?

मनुबाई : समुद्राकडं बघ म्हटला ना तुना.

क्रांती : बघतेय. तिकडेच बघून विचारतेय.

मनुबाई : जा. पाटी मी भरून देते.

मृणाल : आजी, तुझ्या गालावर खवला आहे.

मनुबाई : कुठं गो?

मृणाल : इथे, डोळ्याच्या खाली. बारकासा. चमकतोय. आजी, तो खाली सरकला!

क्रांती : मृणाल, तो खवला नाही गं, तो...

मनुबाई : गप बस तू. खवलाच हाय, बाय. तुना दिसला ना? मग तूच काढ.