बिटकीचा निळा मोजा

मावशी: सालाचं मला विचारू नका, ताई. माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्या वर्षी मी स्टुडिओत रंगकामाला लागले. लग्नाला घेतलेल्या नव्या चपला घालून गेले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यावर हिरव्याची बाटली सांडली.

मुलगी: आईनं मला घेऊन बाबांचं घर सोडलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याच्या आधी की नंतर?

मावशी: नंतर. मी लागले तेव्हा साहेब, म्हणजे तुमचे बाबा, स्टुडिओतच झोपायचे. टेबलाखाली वळकटी असायची. कोणी काही सांगायला लागत नाही हो. टेबलाखाली वळकटी ठेवणाऱ्या माणसाच्या घरी कोणी नसतं.

मुलगी: आणि टीव्हीवर ‘घड्याळवाल्याचं घर’ हे कार्टून त्याच वर्षी सुरू झालं.

मावशी: त्याच वर्षी. पुढे सव्वीस वर्षं चाललं. तुमच्या बाबांनी घड्याळवाला काढला, त्याच्या घरातली पोरगी बिटकी काढली, मांजर काढलं, आणि आम्ही अकरा बायकांनी ते रंगवलं. तुम्ही बघायचात का?

मुलगी: आई घरी लावू द्यायची नाही. शेजारी जाऊन बघायचे.

मावशी: चहा घ्या, गार होतोय. पण एवढे जिने चढून तुम्ही नणंदेच्या लग्नासाठी नाही आलात.

मुलगी: नाही. मला बिटकीच्या मोज्यांचं विचारायचंय. एक पिवळा, एक निळा का?

मावशी: म्हणजे तुम्हीसुद्धा.

मुलगी: मीसुद्धा म्हणजे?

मावशी: दर दोन-चार महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो. मालिकेच्या शेवटी नावं यायची ना, तिथून शोधून काढतात. परवा एकानं विचारलं, घड्याळवाल्याला चारच बोटं का, पाचवं कोणत्या यंत्रात गेलं? म्हटलं, बाबा रे, एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. प्रत्येक चित्रात एकेक बोट वाचवलं तर आम्ही वेळेवर घरी जात होतो. त्याला ते काही आवडलं नाही.

मुलगी: तो इतकी वर्षं म्हातारा होत नाही म्हणजे तो भूत आहे, असंही नेटवर लिहितात.

मावशी: म्हातारा करायचा तर सगळी नमुनाचित्रं नवी काढा, पोरगी वाढवा, मांजर मारा. कोण करणार? आणि मोज्याचं काय म्हणतात? मागे कोणी म्हणत होतं, तिला जुळी बहीण होती, ती वारली.

मुलगी: ते जुनं झालं. आता एकीनं लिहिलंय की बिटकीचे आईबाबा वेगळे राहतात. एक मोजा आईच्या घरचा, एक बाबांच्या घरचा. लिहिणारीला माहीतसुद्धा नव्हतं की चित्रकाराला मुलगी आहे. मग कोणीतरी मला शोधून काढलं. येत्या शनिवारी या चाहत्यांचा मेळावा आहे. चारशे माणसं येणारेत. मी बोलावं म्हणतात. मी हो म्हटलंय.

मावशी: बरं.

मुलगी: आई निघाली त्या दिवशी तिनं घाईघाईत बॅग भरली. माझा एक मोजा बाबांकडे राहिला. कितीतरी दिवस मी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून शाळेत जात होते.

मावशी: राहिलेला कोणत्या रंगाचा?

मुलगी: आठवत नाही. निळा असावा असं आता वाटायला लागलंय.

मावशी: हं.

मुलगी: बाबांनी मला कधी पत्र लिहिलं नाही, मावशी. फोन नाही. वाढदिवसाला एक कार्ड नाही. तो मोजा माझा असेल, तर सव्वीस वर्षं दर आठवड्याला त्यांनी माझी आठवण काढली असं होतं. म्हणून म्हटलं, स्टेजवर चढण्याआधी एकदा तुम्हाला विचारावं. तुम्ही पहिल्या दिवसापासून होतात.

मावशी: मी ‘हो’ म्हटलं तर तुम्ही सुखानं जाल.

मुलगी: ‘हो’ म्हणा ना मग.

मावशी: नाही म्हणता येत. तो मोजा मी निळा केला.

मुलगी: तुम्ही?

मावशी: ऐका. आजवर कोणाला सांगितलं नाही, म्हणून नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. प्रत्येक पात्राचं एक रंगपत्रक असायचं. चित्रातून रेघा बाहेर काढायच्या आणि रेघेच्या टोकाला रंगाचं नाव. मला अक्षर येत नव्हतं. येतं म्हणून सांगून कामाला लागले होते. शेजारच्या टेबलावरची हळूच कानात वाचून दाखवायची. त्या दिवशी तिच्या लेकराला ताप, ती आली नाही. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर संध्याकाळी मला घरी पाठवलं असतं.

मुलगी: मग?

मावशी: मग बाटलीवरची चिठ्ठी आणि पत्रकावरचं नाव शेजारी धरायचे, आकार जुळला की तो रंग. फ्रॉक निळा होता. फ्रॉकची रेघ खाली येताना डाव्या मोज्यावरून गेली होती. मला वाटलं, ती मोज्याची. बिटकी माझ्याच वाट्याला होती, तिच्या दोनशे चाळीस शीट केल्या. पारदर्शक असतात त्या, पाठीमागून रंगवायच्या आणि वाळल्या की उलटून बघायच्या. उलटल्या तेव्हा मला तर फार छान वाटल्या.

मुलगी: बाबांनी पाहिलं तेव्हा?

मावशी: दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला भाग द्यायचा होता. त्यांनी विचारलं, कोणी केलं? मी उभी राहिले. त्यांनी पत्रक माझ्या पुढ्यात ठेवलं, म्हणाले, वाचा. मी निळ्याची बाटली उचलून दाखवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पत्रकाकडे, मग परत माझ्याकडे. निर्मात्यांचा माणूस दारातच उभा होता. त्याला म्हणाले, मुद्दाम केलंय, ही पोरगी अशीच आहे. आणि खिशातून पेन काढून पत्रकावर एका मोज्याचं ‘पिवळा’ खोडलं, ‘निळा’ लिहिलं.

मुलगी: बस? एवढंच?

मावशी: पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक नावाशेजारी रंगाचा ठिपका द्यायला लागले. आणि जेवणाच्या सुट्टीत मला अक्षरं शिकवायला. फुकट गेलेल्या शीटवर, उरलेल्या रंगानं.

मुलगी: किती दिवस?

मावशी: दीड वर्ष. मी मठ्ठ होते.

मुलगी: दीड वर्ष. तुम्हाला शिकवायला त्यांना वेळ होता. मला एक ओळ लिहायला नव्हता.

(खालच्या मजल्यावर कोणीतरी दार लावून घेतं.)

मावशी: चहा दुसरा करू का?

मुलगी: नको. मावशी, पहिल्या भागापुरतं ठीक आहे, वेळ नव्हता. पण दुसऱ्या भागात दोन्ही पिवळे करता आले असते.

मावशी: आले असते. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

मुलगी: मग सव्वीस वर्षं तसाच का ठेवला?

मावशी: माझ्यासाठी. बदलला असता तर ती चूक होती हे ठरलं असतं. मग चूक कोणाची, हेही निघालं असतं.

मुलगी: ते म्हणाले तसं?

मावशी: नाही.

मुलगी: तुम्ही विचारलंत?

मावशी: साहेबांना कोण विचारणार.

मुलगी: म्हणजे तुमचीही थिअरीच की ही. त्या चारशे लोकांसारखी.

मावशी: असेल. मी ती कुठे टाकली नाही, एवढंच. नवऱ्यालाही नाही सांगितली. आता तो नाही, पोरं आपापल्या संसारात. टीव्हीवर जुने भाग लागले की मी बिटकीचं तोंड बघत नाही, पाय बघते. आपल्यासाठी कोणीतरी एकदा काहीतरी सांभाळून ठेवलं होतं, असं वाटतं. तुम्ही आलात आणि म्हणता, ते तुमच्यासाठी होतं.

मुलगी: मला तुमचं काही काढून घ्यायचं नव्हतं.

मावशी: माहीत आहे, बाळ. मलाही तुझं काढून घ्यायचं नव्हतं.

मुलगी: माझं नाव कधी काढलं त्यांनी?

मावशी: खोटं सांगू?

मुलगी: नका सांगू.

मावशी: स्टुडिओत असताना कधीच नाही. पुढे त्यांचे डोळे गेले, तेव्हा मी रोज जाऊन पेपर वाचून दाखवायचे. चुकले की टोकायचे. तेव्हाही नाही. तू आहेस, हेच मला इस्पितळातल्या फॉर्मवरून कळलं. जवळचे नातेवाईक, असा रकाना होता. मी विचारलं, कोणाचं लिहू? त्यांनी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, लग्नानंतरचं आडनावसुद्धा. पत्ता विचारला तर म्हणाले, माहीत नाही.

मुलगी: लग्नानंतरचं?

मावशी: हो. मी दोनदा विचारून लिहिलं.

मुलगी: ते त्यांना कोणी सांगितलं असेल?

मावशी: नाही विचारलं ग मी. माझी ती खोडच, त्यांना काही न विचारायची.

मुलगी: शनिवारी मी मोज्याचं काही बोलणार नाही.

मावशी: बोल की. मी काही तिथे यायची नाही.

मुलगी: नाही बोलणार. पण त्या लोकांनी आणखी एक लिहून ठेवलंय. बाबा टेबलाशी बसून बिटकी काढता काढता गेले, हात तसाच कागदावर होता. निदान ते तरी मला खरं सांगता येईल. तुम्ही होतात ना तिथे?

मावशी: टेबल केव्हाच विकलं होतं. आणि होते म्हणजे, तशी नव्हतेच.

मुलगी: सांगा.

मावशी: तुझे बाबा तीन मार्चला गेले. सोमवार होता, दुपारचे पावणेतीन. इस्पितळात, खिडकीजवळच्या पलंगावर. मी खाली औषध आणायला गेले होते.