पाचवा बोल्ट

मुलगा : अप्पा, टॉर्च माझ्या तोंडावर नको, रेडिएटरवर मारा. गळती तिकडे आहे.

अप्पा : सकाळपासून तुझी बडबड ऐकतोय, त्यावरून खात्री देता येत नाही.

मुलगा : वरचा होज पाइप काढला, खालचा काढला, पंखा काढला, चारही बोल्ट काढले. तरी हा बाबा जागचा हलत नाही. पुस्तकात चारच दाखवलेत.

अप्पा : जोर लाव.

मुलगा : कोपरापर्यंत हात आत आहे. जाळीनं बोटं सोलून निघालीत. जोर आहे, तो लावायला जागा नाही. ज्यानं ही गाडी केली त्यानं आधी इंजिन ठेवलं आणि मग भोवती पत्रा शिवला.

अप्पा : गॅरेजवाला काय म्हणाला?

मुलगा : तिसऱ्यांदा सांगतो. गाडी ठेवून जा, परवा बघतो, असं म्हणाला.

अप्पा : परवा काय कामाचं! किती वाजले?

मुलगा : अकरा.

अप्पा : बाराला निघालो तर पाचला पोचू.

मुलगा : बाराला? हा निघायचा, नवा बसायचा, पाणी भरायचं, हवा काढायची. आणि ताई सकाळी काकांकडून फोनवर काय म्हणाली? काकांनी आजची संध्याकाळ काढली तरी खूप, असं डॉक्टर म्हणतायत. अप्पा, हात जोडतो. टॅक्सी बोलावतो.

अप्पा : टॅक्सी नको.

मुलगा : सख्खा भाऊ जातोय आणि तुम्हाला टॅक्सीचं वावडं?

अप्पा : त्याचा निरोप काय आहे? 'दादाला सांग, गाडी घेऊन ये.' अकरा वर्षांतला पहिला निरोप. त्यात दादा आहे तशी गाडीही आहे. नुसता दादा नेऊन कसं चालेल?

मुलगा : अकरा वर्षं! एका ओरखड्यावरून!

अप्पा : ओरखड्यावरून नाही. गाडी दोघांनी मिळून घेतलेली. आपल्या ताईच्या सासरची माणसं आणायला त्यानं ती नेली, येताना ओरखडा पडला. मी त्या माणसांसमोर म्हणालो, 'विचारून न्यायची होती.' तीन शब्द. त्यानं चावी टेबलावर ठेवली आणि ताटावरून उठला. मला वाटलं, हात धुवायला गेलाय.

मुलगा : थांबा. टॉर्च इकडे. अजून खाली. ही आडवी पट्टी कसली? वेल्डिंग केलंय हिला. हे कंपनीचं नाही. कंपनी इतकं वाकडं करत नाही.

अप्पा : त्याचं आहे.

मुलगा : कुणाचं? काकांचं?

अप्पा : रेडिएटर खडखडायचा. मी म्हटलं, गॅरेजला दाखवू. तो म्हणाला, गॅरेज कशाला, मी आहे ना. एक अख्खा रविवार गाडीखाली पडून होता.

मुलगा : म्हणजे पाचवा बोल्ट आहे! कुठून मारलाय?

अप्पा : मला काय माहीत? मी खुर्चीत बसून सूचना देत होतो.

मुलगा : आजच्यासारखा.

अप्पा : आजच्यासारखाच.

मुलगा : कापावी म्हटलं तर जिथं पाना शिरत नाही तिथं करवत काय शिरणार! अप्पा, हे ठाऊक असलेला जगात एकच माणूस आहे.

अप्पा : वेडा झालास? अकरा वर्षांनी फोन करायचा आणि त्या अवस्थेत त्याला बोल्ट विचारायचा?

मुलगा : मग काय विचारणार? तब्येत कशी आहे?

अप्पा : …लाव फोन.

(फोन स्पीकरवर, गाडीच्या बॅटरीवर ठेवलेला.)

अप्पा : ताई, जरा त्याच्या कानाशी धर. हां. अरे… मी बोलतोय.

काका : दादा?

अप्पा : हो. म्हणजे, ते… रेडिएटर निघत नाहीये.

काका : चार काढले?

अप्पा : चारही.

काका : पाचवा माझा आहे.

अप्पा : ते कळलं. पण आहे कुठे?

काका : खाली कोण आहे? तू?

अप्पा : मी कसला! पोरगा आहे. मी टॉर्च धरलाय.

काका : म्हणजे अंधारच. पोरा, बंपरखालून हात घाल… डाव्या दिव्याच्या मागे. पट्टीचं टोक लागेल.

मुलगा : लागलं, काका!

काका : त्याच्या पलीकडे. दिसणार नाही. मलाही दिसला नव्हता. बोटांनीच शोध. तेराचा पाना घे… आणि उजवीकडे फिरव. मागून धरलायस, तुला उलटं वाटेल.

मुलगा : घट्ट बसलाय.

काका : बसणारच. तेव्हा जोर होता माझ्या हातांत.

अप्पा : दमलास ना? थांबू का?

काका : थांबू नको. सकाळपासून माणसं येतात, उशाशी बसतात, नुसती बघतात. विचारत कुणी काही नाही. तू विचारलंस.

अप्पा : अरे, त्या दिवशी मी त्या लोकांसमोर…

काका : आधी पट्टी, दादा. पोराच्या तोंडावर पडेल.

मुलगा : फिरला! हळूहळू येतोय… अप्पा, फोनवर हात ठेवा. ठेवा जरा.

अप्पा : ठेवला. काय?

मुलगा : निघाला. हा बघा, अख्खा रेडिएटर हातात आलाय. पण नवा बसवायला दोन तास, पुढे पाच तास रस्ता. काकांचा आवाज ऐकलात ना? दोन वाक्यांत धाप लागतेय. अप्पा, आपण नाही पोचत.

अप्पा : हं.

मुलगा : सांगू त्यांना, निघाला म्हणून? बरं वाटेल.

अप्पा : तू गप्प बस. जमिनीवर ठेव तो, आवाज न करता.

काका : दादा? आहेस ना? निघाला का?

अप्पा : आहे, आहे. नाही रे, हलत नाहीये अजून. पुढे काय करू, सांग.