एकशे चौदा किलो आणि एक मांडी

…नाही, मी म्हणतो, वाढताना कुणाला विचारलं नाही, मग कमी व्हायलाच काय धाड भरते? एकशे अठ्ठावीसवरून एकशे चौदावर आलो की नाही मी? आलो! कसा आलो ते माझं मला माहीत! रताळी सोडली, अळूचे कंद सोडले, नारळाचं दूध सोडलं... अहो, टोंगाच्या बेटांवर जन्मलेल्या माणसाने नारळाचं दूध सोडायचं म्हणजे मग उरलं काय, समुद्राचं पाणी? तेही चालवून घेतलं! उकडलेला मासा आणि पपई, पपई आणि उकडलेला मासा. आणि एवढं करून त्या एकशे चौदावर येऊन गाडी जी थांबली ती थांबलीच! महिनोन्‌महिने! काटा? काटा ढिम्म. एकशे चौदा!

आता तुम्ही म्हणाल, सायमोने, या वयात बारीक होऊन तुला कुणाला दाखवायचंय? कुणाला नाही हो! मला मांडी घालायचीय. बस्स, साधी मांडी! माझे दोन्ही गुडघे गेलेत कामातून. डॉक्टर म्हणतात, बदलून देतो, पण आधी एकशे दहाच्या खाली ये. म्हणजे प्रश्न किती किलोंचा राहिला? चार! चार किलोंसाठी माणसाची मांडी अडलीय.

आणि मांडीवाचून काय अडतं म्हणता? तुम्ही कधी शनिवारी संध्याकाळी किटिओनेच्या पडवीत आलायत? आम्ही पाचजण, पोरवयात चर्चच्या गाण्यात एकत्र उभे राहिलो ते आजपर्यंत. चटई अंथरायची, मधे कावाचं, म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेल्या आमच्या पेयाचं, लाकडी भांडं, गोल करून मांडी घालायची, याचा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकलेला, करवंटी फिरतेय, आणि मग कुणीतरी हळूच सूर लावतो... खर्ज माझा! अख्ख्या गावात तसा खर्ज नाही, हे मी नाही म्हणत, किटिओने म्हणतो. आणि आता? आता मी खुर्चीवर. पांढऱ्या प्लास्टिकच्या! बरं, बाकीचे खाली असताना त्यांच्या डोक्याच्या वर बसणं आमच्यात शोभतं का? नाही शोभत. म्हणून माझी खुर्ची दाराशी. चपलांच्या शेजारी! ते तिकडे गातात, मी इकडे गातो, आणि माझा खर्ज दारातून बाहेर निघून जातो, कुत्र्यांना ऐकू. तुम्हाला सांगतो, मला दुसरं काही नको. त्या चौघांच्या गुडघ्याला गुडघा लावून एकदा बसायचंय हो मला. झोपेतसुद्धा मी मांडी घालून बसलेला असतो, आणि जाग आली की पाय सरळच!

पण म्हणून कमी होऊ देतील लोक? सकाळी चालायला निघालो की प्रत्येक गाडी थांबते. "सायमोने, बस मागे!" म्हटलं, नको, चालतोय. "चालतोयस? कशाला? भांडण झालं का घरी?" आता नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. मग बसतो बापडा. उतरतो. पुन्हा चालायला लागतो, की मागून दुसरी गाडी!

आणि ते पहिले चौदा किलो उतरले ना, त्याचा आनंद व्हायचा सोडून घरात भूकंप! आमची लेसिएली, बायको हो, चर्चमधून आली ती डोळे पुसत. "बायका विचारतात, लेसिएली, नवऱ्याला जेवायला घालत नाहीस का? अब्रू काढलीस माझी चारचौघांत!" त्याच रविवारी पाद्रीबाबांनी भर प्रार्थनेत माझं नाव घेतलं: "हे प्रभो, आमच्या सायमोनेचं जे काही दुखणं असेल ते दूर कर..." अरे, दुखणं नाही, पपई आहे! पण ऐकतो कोण? संध्याकाळपर्यंत ओटा भरला टोपल्यांनी. भाजलेलं डुक्कर, आणि लू! अळूच्या पानात मटण आणि नारळाचं दूध बांधून जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं, तो वास... जाऊ द्या. मी शिवलोही नाही. सगळं घातलं आमच्या डुकरांना. डुकरं अशी फुगली म्हणता, खुराड्याच्या दारातून बाहेर येईनात. आणि काटा? ढिम्म! एकशे चौदा!

दवाखान्यात काट्यापाशी उभी असते फुसी. नर्स आहे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची लेक. आमच्यात भाचीचा मान मामापेक्षा मोठा, तिच्यापुढे हूं की चूं करायची सोय नाही! "मामा, खरं सांग, काय खाल्लंस?" म्हटलं, मासा. "आणि?" पपई. "आणि?" अगं, आणि शिव्या! तर म्हणते, "मामा, शरीर अडून बसतं कधीकधी. कमी खाल्लंस की तेही कमी जाळतं. धीर धर." बघा म्हणजे! मी उपाशी राहून वाचवतोय, आणि हे आतल्या आत काटकसर करतंय! माझंच शरीर, आणि मलाच सामील नाही!

तर, गुडघे बदलणारे ते न्यूझीलंडचे डॉक्टर आले. वर्षातून एकदाच येतात. आदल्या दिवशी मी पाणीसुद्धा मोजून प्यालो. मानाच्या ठिकाणी आम्ही कमरेला विणलेली चटई गुंडाळून जातो, तशी बांधून रीतसर दवाखान्यात गेलो. फुसी म्हणाली, "सोड ती." सोडली. पट्टा काढला, घड्याळ काढलं, खिशातला रुमाल काढला, दाढी करूनच आलो होतो. श्वास धरून चढलो. लेसिएली तिकडे डोळे मिटून पुटपुटतेय... एकशे चौदा! डॉक्टर बिचारा भला माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, एवढ्या वजनाला भूल देणं जोखमीचं आहे, पुढच्या वर्षी बघू. म्हटलं, डॉक्टर, चार किलो सांभाळून घ्या ना! तो हसला, पण मान हलवलीन्. आणि फुसी, एरवी टाकून बोलणारी पोर, तिने माझी चटई उचलली आणि स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला बांधून दिली. तिथे मात्र माझा धीर सुटला हो.

त्या शनिवारी जाणारच नव्हतो. लेसिएलीने ढकललं. गेलो, पडवीत पाय ठेवला, आणि बघतो तर काय... चटई नाही! गोल करून पाच खुर्च्या! चार खुर्च्यांवर चार म्हातारे, ताठ, नापास झालेल्या पोरांसारखे, पाय कुठे ठेवावेत कळत नाहीये. किटिओने म्हणतो, "ये रे, बस. उशीर केलास."

मी बसलो. करवंटी फिरली. खाली बसून कावा वाढणाऱ्या पोरीला दर खेपेला उठावं लागतंय, ती ओठ दाबून हसतेय. किटिओनेने सूर लावला. आणि तुम्हाला सांगतो, गाणं जमेना! खुर्च्यांना हात असतात ना, गुडघा पोचतच नाही गुडघ्यापर्यंत! पहिलं कडवं कसंबसं ओढलं आणि मग मला राहवेना. म्हटलं, "अरे गाढवांनो, मला खाली यायचं होतं रे तुमच्यात! तुम्ही कशाला वर आलात?" रडलो हो, लाज कसली!

किटिओने करवंटीत बघत म्हणतो, "तू खाली बसलास की आम्ही बसू. तोवर आम्हीपण वरच. ठरलंय आमचं." आणि झाकलेली टोपली पुढे सरकवली. "आता लू खा. तोंड बघ केवढंसं झालंय."

खाल्लं! नाही म्हणू? माझ्यासाठी जमीन सोडलेल्या माणसांना नाही म्हणू? एक खाल्लं, दुसरं खाल्लं, नारळाचं दूध कोपरापर्यंत ओघळलं तेही चाटलं. सोमवारी फुसीने काट्यावर उभं केलं. म्हटलं, आता हा राग काढणार! आणि काय सांगू? ढिम्म! एकशे चौदा! उपाशी राहा, एकशे चौदा. हाणून जेवा, एकशे चौदा!

मग सोडून द्यावं म्हणता? मीही तेच म्हणणार होतो! पण कालच्या शनिवारी किटिओनेची कंबर धरली खुर्चीवर बसून बसून. उठवेना त्याला. दुसऱ्याच्या पायाला मुंग्या. विचारलं तर चौघेही एका सुरात, "छे, छे, आम्हाला खुर्चीच बरी वाटते!" आता आधी माझी एकट्याची मांडी अडली होती, आता पाच जणांची अडलीय, आणि सगळी माझ्यापायी! घरी आलो. लेसिएली म्हणाली, "काय रे, काय वाढू?" म्हटलं, टाक बाई... टाक मासा उकडायला.