थंडी पडली की

प्रवास कंपनीच्या ऑफिसात माझा नंबर यायचा होता. पुढे काउंटरशी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर नवी कोरी शाल, लेबलसकट. काउंटरवरच्या मुलीने विचारलं,

"बोला काकू, कधीचं तिकीट बघू?"

"तिथे थंडी कधी सुरू होते, तेवढं आधी सांग. त्या बेताने काढू."

"तिथे थंडी नसते, काकू."

"नसते म्हणजे कमी असते?"

"नसतेच. बारा महिने तेरा काळ उकाडा. पाऊस येतो, तोही दुपारी तासभर, की परत ऊन. कधीही जा, सारखंच."

"अगं, नीट बघ. माझा मुलगा लग्न झाल्यापासून तिथेच राहतोय."

"मग त्यांनाच विचारा ना."

"त्यानेच सांगितलंय. उन्हाळा तुला सोसायचा नाही, पावसात घरात कोंडून पडशील, थंडी पडली की ये. दर वर्षी मी विचारते. दर वर्षी म्हणतो, अजून पडली नाही गं आई."





"डोंगरावर राहत असतील. तिथे पडते थोडी."

"समुद्रकाठी राहतो."

"पाणी देऊ का, काकू?"

"नको. माझ्याच ऐकण्यात चुकलं असेल. फोनवर आवाज तुटतो मेला."

"मग पुढच्या महिन्याचं बघू?"

"छे! न बोलावता जायला मी काय आगंतुक आहे? तू रोज बघतेस ना तिथलं हवामान?"

"बघते."

"मग माझा नंबर लिहून ठेव. थंडी पडली की कळव."